दारावर शून्य

वाळवणीतली पहिली खूणपाटी मी माझ्या हाताने लावली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी खोदून विचारायला नको. सरपंचांच्या दारावर, नारळ फोडून, हळदीकुंकू वाहून, गावच्या बँडच्या साक्षीने लावली. फोटोत मी तोंडभर हसते आहे. तो फोटो आमच्या कार्यालयात अजून टांगलेला आहे आणि तो काढा म्हणून मी दोनदा लेखी दिलं आहे.

मी त्रिशला मगदूम, पूरसुरक्षा प्रकल्पाची तालुका समन्वयक. दोन हजार चौतीस सालच्या पुरात आमच्या गावात एकाच घराकडे दोन नावा गेल्या आणि शेजारच्या गल्लीत सात माणसं पत्र्यावर बसून राहिली. कोणत्या घरात किती माणसं आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खूणपाटी आली ती त्यावरचा उपाय म्हणून.

पाटी तळहाताएवढी, भाजलेल्या मातीची. वर काचेसारखी झिलई आणि तिच्यावर काळेपांढरे चौकोन, दुकानात पैसे देताना आपण फोन धरतो तसलेच. पण दुकानातला चौकोन कुणीही छापून कुठेही चिकटवू शकतो. आमच्या पाटीची झिलई भट्टीतून निघताना तडकते, केसाहून बारीक भेगा पडतात, आणि कुठल्याही दोन पाट्यांच्या भेगा सारख्या पडत नाहीत. कॅमेरा चौकोनांबरोबर त्या भेगाही वाचतो. त्यामुळे पाटीची नक्कल करता येत नाही, आणि घरात माणसं भरायची तर त्याच दारासमोर उभं राहावं लागतं. मातीत एक बारीक तार असते. तिला बॅटरी लागत नाही. नावेवरच्या यंत्राच्या लहरी तिच्यावर पडल्या की तेवढ्यावरच ती जागी होते आणि वीस पावलांवरून आपला क्रमांक सांगते.

पाटीत माहिती काहीच नसते. ती म्हणजे घराचं नुसतं नाव. माहिती असते प्रकल्पाच्या नोंदवहीत, दूर कुठेतरी: या दाराच्या आत किती माणसं, त्यातली स्वतःच्या पायांनी न चालणारी किती. फोन किंवा यंत्र जवळ आलं की त्याप्रमाणे पाटीच्या कोपऱ्यातला ठिपका रंग बदलतो. सगळी चालती-फिरती असली की हिरवा. कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की लाल. घर रिकामं असलं की पांढरा, आणि यंत्रावर शून्य. लाल दाराकडे नाव आधी जाते. शून्याकडे जात नाही.

एक माणूस एका वेळी एकाच दाराच्या आत, हा मुख्य नियम. बाहेर काढायला घराच्या कर्त्याने फोनवर एक बटण दाबलं की झालं. आत घ्यायला मात्र त्या घराच्या कर्त्याने पाटीसमोर उभं राहून अंगठा द्यायचा. नियम ठरवायच्या बैठकीत एका इंजिनिअर बाईंनी विचारलं होतं, "एका घरातून बाहेर काढलेला माणूस दुसऱ्या घरात आत जाईपर्यंत नोंदवहीत कुठे असतो?"

"वाटेत असतो, आणखी कुठे असणार?" मी म्हटलं. "दहा मिनिटांचा तर प्रश्न."

सगळे हसले. तेवढ्यात चहा आला आणि तो विषय तिथेच राहिला.

पाट्या पुरासाठी लावल्या, पण पूर काही रोज येत नाही. लोकांनी त्यांचा उपयोग सोयरिकीसाठी सुरू केला. घरातल्यांची नावं परक्याला दिसत नव्हती, पण आकडा आणि रंग कुणालाही दिसत होता. स्थळ बघायला आलेला मामा चपला काढायच्या आधी दारावर फोन धरायचा. लाल दिसलं की चहा अर्धा ठेवून उठायचा. घरात अंथरुणावरचं माणूस म्हणजे आपल्या मुलीच्या हातात पहिल्या दिवसापासून रोग्याचं भांडं येणार, हा हिशेब त्याला पाटी न बोलता सांगत होती. शिवाय लाल दारात चोवीस तास एक धडधाकट माणूस हजर पाहिजे आणि पुराचा पहिला भोंगा झाला की सहा तासांत घर सोडायचं, असेही नियम होते. तेही मीच गावोगाव समजावून सांगितले होते.

हे सगळं नीट चाललं होतं, असं मी तेव्हा कुणालाही सांगितलं असतं. फक्त नदीकाठच्या हणमंत आंबींनी पाटी लावून घेतली नव्हती. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणारं. आता प्रकल्पाची मोटारनाव तेच चालवायचे आणि मी त्यांना मामा म्हणायची.

"माज्या दाराला नगं, ताई," ते म्हणाले होते. "मी हाय का न्हाई बगायचं असलं तर हाक मारायची. ओ दिली तर हाय."

मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला आणि शेवटी रजिस्टरमध्ये 'नकार' असं लिहिलं.

माझ्या स्वतःच्या दारावर पाटी लावली तेव्हा आई आली होती. राजमती तिचं नाव. तेव्हा ती हिंडती-फिरती होती. लग्न मोडल्यापासून मी एकटीच राहते, म्हणून माझ्या पाटीवर एक आकडा आला. आई स्टुलावर बसून ते बघत होती.

"एकच व्हय गं?" ती म्हणाली. "माजं बी नाव घाल की तुज्या दारावर. दोन हुतील."

"आणि दादाला, सन्मतीला काय वाटेल? दोन मुलगे असताना आई लेकीच्या दारात?"

"त्यास्नी काय वाटायचंय? सुटलो म्हनतील."

मी हसण्यावारी नेलं. ती पुन्हा बोलली नाही. लोक काय म्हणतील हे मी पुढे केलं ते खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. आईला तेव्हाच चक्कर यायला लागली होती. उद्या ती अंथरुणाला खिळली तर माझं दार लाल होणार, आणि लाल दाराच्या एकट्या बाईला पुराच्या दिवसांत नावेवर जाता येत नाही. समन्वयकपद सोडावं लागलं असतं. वाळवणीत मला पहिल्यांदाच लोक 'मॅडम' म्हणत होते आणि मला ते सोडायचं नव्हतं.

वर्षभरात तिला झटका आला. डावी बाजू गेली, वाचाही गेली. उजवा हात तेवढा राहिला. त्या हाताने ती पितळी फुलपात्र खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची. दोनदा आपटलं की पाणी हवं. तीनदा आपटलं की कुणीतरी या. आम्ही तिघा भावंडांनी बसून ठरवलं, एक महिना दादाकडे, एक महिना सन्मतीकडे. पाळीत मुलगी धरत नाहीत. मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन बोलले नाही.

दादा, म्हणजे थोरला भरतेश, हायवेच्या उंचवट्यावर राहतो. धाकटा सन्मती नदीवेशीच्या गल्लीत. दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद आहे. कारण सांगण्याजोगंही नाही, सन्मतीच्या घरच्या हळदीकुंकवात दादाच्या बायकोची ओटी भरायची राहून गेली होती. पूर्वी भावाभावांत अबोला असला तरी आईला पोचवायचं म्हटलं की एकाला दुसऱ्याच्या दारात उभं राहून तोंड उघडावं लागायचं. निदान "आई आली गं" एवढं तरी भावजयीला सांगावं लागायचं. पाटीने ती गरज संपवली. दादा आपल्या घरातून आईला 'बाहेर' करायचा आणि तिला रिक्षातून सन्मतीच्या घरामागे न्यायचा. मागच्या खोलीला बाहेरून नुसती कडी. तिथल्या खाटेवर आईला निजवायचं, डबा आणि पाणी हाताशी ठेवायचं आणि मागच्या मागे निघायचं. मग सन्मती पुढच्या दाराशी येऊन 'आत' करायचा आणि दादाच्या फोनला तसं कळायचं. झालं, सुपूर्त. मी लोकांना हे कौतुकाने सांगायची, की बघा, पाटीमुळे घरातली भांडणंसुद्धा कशी सोपी झाली.

सन्मतीला 'आत' करायला दोन-तीन दिवस उशीर व्हायचा. त्याच्या मुलाचं लग्न जमवायचं चाललं होतं आणि दार जितके दिवस हिरवं राहील तितकं बरं, असा त्याचा विचार. आई खोलीत, सन्मतीची बायको तिला भरवते आहे, आणि पाटी मात्र तिला ओळखत नाही, असे ते दिवस. मला माहीत होतं. दोनदा मी त्याला बोललेही.

"दोन दिसानं काय हुतंय, अक्का?" तो म्हणाला. "आई काय पळून चाललीया?"

दिवाळीत तर त्याने दादाला आपल्या बायकोच्या भावाकडून निरोप पाठवला, पाहुणे येणार आहेत, आईला चार दिवस तिकडेच राहू दे. दादाने कुरकुर करत ठेवून घेतलं. हे मी सांगते आहे कारण पुढे सन्मती त्याच्यावरच बोट ठेवणार होता.

एक ऑगस्टला पाळी बदलायची होती. त्याच्या आदल्या दिवशी सन्मती बायकामुलांना घेऊन बेळगावकडे, मुलासाठी बघितलेल्या मुलीच्या घरी गेला. बोलणी पक्की करायची होती आणि दोन दिवसांनी त्या मुलीचा मामा घर बघायला येणार होता. जाताना त्याने नियमाप्रमाणे चौघांनाही 'बाहेर' केलं. दार पांढरं झालं.

एक तारखेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दादाने आईला 'बाहेर' केलं. रिक्षातून मागच्या खोलीत आणून निजवलं. पुढच्या दाराला कुलूप आहे हे त्याने बघितलं नाही, कारण पुढच्या दाराकडे तो तीन वर्षं गेलेलाच नव्हता. सन्मतीच्या फोनवर सूचना गेली: राजमती मगदूम यांना आत घ्यायचे का? त्याने 'नंतर' दाबलं. आपण घेतलं नाही म्हणजे आई दादाकडेच, दिवाळीसारखी, असं तो समजला. दादाला 'आत'ची सूचना आली नाही, पण ती कधीच वेळेवर येत नसे. आपण बाहेर केलं म्हणजे आई सन्मतीची, असं तो समजला.

दोन तारखेला पहाटे धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला. सकाळी आठपर्यंत नदीवेस गल्ली रिकामी झाली, दहाला पाणी उंबऱ्यांवर आलं आणि अकराच्या सुमारास मी आणि हणमंतमामा नाव घेऊन गल्लीत शिरलो. मामा मागे इंजिनाशी, मी पुढे मांडीवर यंत्र घेऊन. दारं एकामागून एक बोलत होती. शून्य. शून्य. शून्य. प्रत्येक शून्याला मला बरं वाटत होतं, कारण ते माझ्याच कामाचं फळ होतं.

सन्मतीच्या दाराशी आलो. पाणी कमरेच्या वर होतं. यंत्राने शून्य दाखवलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आई अजून दादाकडेच आहे म्हणायची, उंचावर. चला, या वेळी सन्मतीचा उशीर कामाला आला.

मामांनी इंजिन बंद केलं.

"ताई, आतनं कायतरी वाजतंय."

"भांडी तरंगत असतील, मामा. भिंतीला लागतात."

"भांड्याला असा ठोका नसतुया. दम खाऊन वाजतंय बगा. तीन झालं की थांबतंय."

ऐकू मलाही आलं. हे मी नंतरच्या चौकशीत सांगितलं नाही, इथे सांगते. बारीक, पितळेचा आवाज होता. पण माझ्या मांडीवर शून्य होतं, आणि पुढच्या गल्लीत दोन लाल दारं लागली होती.

"पाटी रिकामं म्हणते, मामा. पुढे दोन माणसं खरोखरची अडकलीत. चला."

मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि इंजिन चालू केलं. नावेवर हुकूम माझा चालतो. पुढच्या गल्लीतून आम्ही एक लकवा झालेले गुरुजी आणि अंथरुणावर पडून असलेली एक गरोदर बाई बाहेर काढली. गुरुजींच्या सुनेने माझे हात धरले. परत येताना आम्ही दुसऱ्या वाटेने आलो.

तीन तारखेला सकाळी दादा शाळेतल्या छावणीवर चादरी घेऊन आला. मी याद्या करत होते. मान वर न करता विचारलं, "आई कशी आहे?"

"मला काय विचारतीस? सन्मतीकडं न्हाई का. एक तारीख झाली की."

मी मान वर केली. दादाच्या हातात चादरींचा गठ्ठा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याने फोन काढला, त्याच्या फोनमध्ये आई 'बाहेर' होती. मी माझं यंत्र काढून तिचं नाव टाकलं. मुक्काम: नोंद नाही. एकोणपन्नास पूर्णांक काहीतरी तास. सन्मतीला तीन वर्षांनी दादाने स्वतः फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "तुज्याकडंच न्हाई का?" एवढं मलाही ऐकू आलं.

मामांनी नाव काढली. मागच्या खोलीची कडी पाण्याखाली होती, ती त्यांनी पाण्यात उतरून काढली. छतापासून हातभर खाली भिंतीवर पाण्याची ओली रेघ उठली होती. आई खाटेवरच होती, कारण दादाने ती घसरून पडू नये म्हणून दर वेळी साडीच्या पट्टीने तिची कंबर दांडीला बांधलेली असायची. फुलपात्र हातात होतं. त्याची कड एका बाजूने पार चेपून गेली होती.

मामांनी आपला टॉवेल तिच्या तोंडावर घातला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

सरणापर्यंत दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. पाचव्या दिवशी मृत्यूची नोंद करायची होती, तेव्हा ते थांबलं. नोंदवही विचारते: मयत कोणत्या दाराच्या आतील? ते भरल्याशिवाय दाखला निघत नाही. आणि एकदा भरलं की त्या दाराच्या उघड्या माहितीत एक ओळ कायमची बसते, 'या घरात आपत्तीत मृत्यू: एक'. जाणारा-येणारा कुणीही ती वाचू शकतो.

आम्ही तिघं माझ्या ओसरीवर बसलो होतो.

"सात वाजून दहा मिनिटांनी मी बाहेर केलंय," दादा म्हणाला. "नोंद बघा. त्यापुढं माझी जबाबदारी न्हाई."

"मी आत घेतलंच न्हवतं," सन्मती म्हणाला. "ही बी नोंद हाय."

"खोली कुणाची हुती?"

"बंद घरात माणूस टाकून गेलं कोण?"

दोघांचं बरोबर होतं. दादाने वेळेवर बाहेर केलं होतं. सन्मतीने गेलेली चारही माणसं इमानाने बाहेर केली होती. पाटीने रिकाम्या घराला रिकामं म्हटलं होतं, आणि मी पाटी सांगते तसं वागले होते. पुढे चौकशी अधिकाऱ्यांनीही तेच लिहिलं, कुणाकडूनही नियमभंग झालेला नाही. दोन लाल दारं वेळेत गाठल्याबद्दल माझ्या अभिनंदनाचं पत्र त्याच पाकिटात आलं. पण त्या दिवशी ओसरीवर मला त्या दोघांच्या थोबाडीत माराव्याशा वाटत होत्या, आणि मग माझ्याही.

सन्मती खाली बघत म्हणाला, "अक्का, पोराचं जमत आलंय गं. पोरीचा मामा पुढच्या आठवड्यात येतोय घर बगायला."

"तुझ्या घराच्या भिंतीवर अजून पाण्याची रेघ आहे, सन्मती."

"ती रंगवून घेतो," तो म्हणाला. दारावरची ओळ रंगवता येणार नव्हती.

मी उठले. माझ्या दारासमोर उभी राहिले आणि पाटीवर फोन धरला. आत घ्यायचे नाव: राजमती मगदूम. अवस्था: स्वतः चालू शकत नाही. पाटीने माझा अंगठा मागितला. दादा म्हणाला, "त्रिशला, हे काय करतीस?" पण उठून आला नाही. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं वाटणं होतं, आणि ते त्यालाही लपवता आलं नाही.

मी अंगठा दिला. एकाचे दोन झाले. कोपऱ्यातला ठिपका लाल झाला.

मग मी दुसरं पान उघडलं, मयत म्हणून खूण केली आणि पाठवून दिलं. पण त्या दिवशी सगळ्या तालुक्याच्या नोंदी तुंबल्या होत्या आणि मंजुरी लगेच आली नाही. भाऊ आपापल्या चपला घालून गेले, दादा हायवेकडे, सन्मती नदीकडे. मी आईच्याच स्टुलावर बसून ठिपक्याकडे बघत राहिले. हणमंतमामा तिचं फुलपात्र धुऊन घेऊन आले होते. ते दारात थबकले. त्यांना वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो.

"कोन हाय आत?" त्यांनी विचारलं.

"आई आहे," मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. अकरा मिनिटांनी ठिपका हिरवा झाला आणि दोनाचा पुन्हा एक झाला.